हवालदार आजोबा

लढाईवरून परतलेल्या माणसाने शौर्याच्या गोष्टी सांगाव्यात, अशी आपली अपेक्षा असते. आमच्या आजोबांनी ती कधी पुरी केली नाही. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, लोणंदजवळ. चीनच्या आक्रमणानंतर सैन्यभरती जोरात सुरू झाली, तेव्हा १९६३ साली आजोबा बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९८१ साली हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले. पलटण पहिली, म्हणजे जिला 'जंगी पलटण' म्हणतात ती. पण तिथे आजोबांच्या गळ्यात होता ड्रम! ते पलटणीच्या बँडमध्ये होते.

हा बँड म्हणजे वरातीतला नव्हे, हे मला शाळेतल्या मित्रांना अनेकदा समजावून सांगावे लागले. एरवी वाद्ये वाजवणारी हीच माणसे लढाईत स्ट्रेचर उचलतात, जखमींना मागे आणतात. डिसेंबर १९७१ मध्ये, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला आजोबा याच कामावर होते. गावात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती आणि तिची दक्षिणेकडची वाट मराठ्यांनी अडवून धरली होती. आपल्या ब्रिगेडियरांनी शरण येण्याविषयी पत्र पाठवले, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. १० तारखेच्या रात्री बलुचांनी वेढा फोडून निसटण्याचा प्रयत्न केला, त्यात त्यांची फार माणसे पडली आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर आपल्या ताब्यात आले.

ही हकीकत मी पुस्तकात वाचली. मोठ्या उत्साहाने आजोबांना विचारले, "तुम्ही किती मारले?" ते म्हणाले, "म्या मारलं न्हाय, उचललं." आपलेही उचलले आणि त्यांचेही. एका बलुच पोराचे बूट त्यांनी काढले, तर पायाची साल बुटातच राहिली. कितीतरी दिवस बूट पायातून निघालेच नव्हते. जमालपूरविषयी मी आजोबांकडून ऐकले ते एवढेच. पुढे काही विचारले, की ते गोठ्याकडे निघून जात.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी तुळशीची माळ घातली. पलटणीतले मटण त्या दिवशी सुटले. ड्रम गेला आणि भजनात पखवाज आला. म्हातारे टाळकरी गमतीने म्हणत, "हवालदार, आपण कवायतीला न्हाय, पंढरपूरला निघालोय!" कारण आजोबांचा ठेका कधी रेंगाळत नसे.

पण त्यांची खरी भक्ती पखवाजात नव्हती, घमेल्यात होती. वाचकांना नवल वाटेल, म्हणून सांगतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते. आळंदीहून इथवर चालून वारकऱ्यांच्या पायांची दशा झालेली असते. आजोबा रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसत. समोर जर्मलचे मोठे घमेले, त्यात मीठ घातलेले कोमट पाणी, शेजारी खोबरेल, कापूस आणि जुन्या धोतराच्या धुतलेल्या पट्ट्या. येणाऱ्याचा पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, फोड तपासायचा, तेल लावायचे. एखाद्या म्हातारीला पुरुषाने पाय धरायचा म्हणजे संकोच वाटे. ती पाय मागे घेई. मग आजोबा दरडावत, "माउली, ही इन्स्पेक्शन हाय. पाय फुडं!" सैन्यात लांब कूच झाली, की जवानांचे पाय तपासतात; ती शिस्त त्यांनी वारीत आणली होती. आपण सेवा करतो, असा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. सेवेची भाषणे करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. असो.

घरात मात्र या घमेल्याचे कौतुक नव्हते. माझे बाबा १९७० सालचे. लढाई संपून आजोबा रजेवर आले, तेव्हा दाराशी उभा असलेला मिशीवाला कोण, म्हणून ते आजीच्या मागे लपले होते. पुढची दहा वर्षे आजोबा सुट्टीपुरतेच घरचे. कायमचे आले, तर गावचे झाले. मयत असो, विहिरीचा गाळ काढणे असो, हवालदार सर्वांच्या पुढे. बाबा पोस्टात नोकरीला आहेत, मितभाषी आहेत; पण एकदा मला म्हणाले होते, "मनीऑर्डरीच्या कुपनावरचं अक्षर हीच माझी वडिलांची ओळख." आजीचे म्हणणे त्याहून थेट असे. "सगळ्या मुलखाचं पाय धुतलं, माझ्या टाचंच्या भेगा कधी दिसल्या न्हाईत ह्यास्नी." आजोबा यावर गप्प बसत. त्या दोघांचेही म्हणणे मला खोटे वाटत नाही.

२०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. मी तेव्हा नववीत होतो. त्या संध्याकाळी आजोबांनी माळ्यावरचे घमेले काढले, पाणी तापवले आणि ओट्यावर आजीसमोर आणून ठेवले. "बस," म्हणाले. आजीने आधी त्यांना वेड्यात काढले, मग इकडेतिकडे पाहिले आणि लुगडे थोडे वर घेऊन पाय पाण्यात सोडले. आम्ही सगळे आत निघून गेलो. बराच वेळ बाहेर कोणी बोलले नाही. त्यानंतर आजीच्या तोंडून भेगांचा विषय मी ऐकला नाही.

त्याच थंडीत आजोबा गेले. साथीची भीती होती, तरी तिरडीला खांदा द्यायला माणसे आली, दुरून दुरून चालत.

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. लोणंदच्या मुक्कामादिवशी बाबांनी पोस्टातून रजा काढली आणि घमेले मोटारसायकलला बांधले. मी पाणी आणून देत होतो. बाबांचा हात काही बसलेला नव्हता. पट्टी दोनदा सुटली. एका आजीबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "हितं मिलिटरीवालं बाबा बसायचं, ते कुठं हायती?"

बाबांनी वर पाहिले नाही. "दुसरा पाय द्या, माउली," म्हणाले.