गुन्हेगार ठाऊक असला तरी

दूरदर्शनवर १९९३ साली बासू चटर्जींची 'व्योमकेश बक्षी' मालिका लागली आणि आमच्या घरात व्योमकेश साकारणारा रजित कपूर घरचाच झाला. धोतर, हलकंसं हसू, आणि समोरच्याला आधी बोलू देण्याची सवय. त्याआधी रहस्यकथा म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे बंदूक आणि पाठलाग यायचा. इथे एक माणूस कलकत्त्यातल्या खोलीत बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचतो. खरी बातमी जाहिरातींतच असते, असं त्याचं म्हणणं. ग्रामोफोनच्या पिनेने होणाऱ्या खुनांचा माग तो त्याच वाटेने काढतो.

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला, तेव्हा त्याला ती गोष्ट दाखवली. पहिल्या पाच मिनिटांतच त्याचं सुरू झालं, "मावशी, खुनी कोण ते सांग ना!" सांगितलं नाही. भाग संपला, उलगडा झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच तो पुन्हा लावायला सांगितला. मला फार आनंद झाला, कारण मीही या गोष्टी अशाच पाहते. उत्तर एकदा कळलं की उत्तराची घाई संपते. मग के. के. रैनांचा अजित दिसू लागतो. मित्राच्या हुशारीने तो थक्क होतो, मध्येच रुसतो, आणि तरीही सगळं लिहून ठेवतो. सत्यवती दिसते. ती एका खुनाच्या तपासात व्योमकेशला भेटते आणि पुढे त्याची बायको होते. मालिकेत ते काम आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केलंय. लग्नानंतरही अजित त्याच घरात राहतो, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नोकर पुतीराम चहा आणतो. खून कुठेही होवो, या घरातली आपुलकी हलत नाही. मला ओढ आहे ती या घराची.

मूळ लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय आपल्याकडचेच रहिवासी होते, हे मला खूप उशिरा कळलं. १९३८ साली ते सिनेमाच्या लेखनासाठी मुंबईला आले, पुढे पुण्यात स्थायिक झाले. मुंबईच्या त्या वर्षांत व्योमकेश गप्पच होता, १९५१च्या सुमारास तो पुन्हा लिहिला जाऊ लागला. 'शैलरहस्य' तर महाबळेश्वरच्या हॉटेलात घडते, आणि व्योमकेश तिथून अजितला पत्र लिहितो. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या साहसकथाही शरदिंदूंनी बंगालीत लिहिल्या. पुण्यात राहून मला याचा पत्ता नव्हता! आता महाबळेश्वरच्या धुक्यातून जाताना व्योमकेशची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

अशी ओढ लावणाऱ्या गोष्टीत खून असायलाच हवा असं नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते, हे मला पाठ आहे. तरी पुस्तक उघडलं की वाडीच्या कारभाऱ्याच्या भेटीपर्यंत पोचायची मला घाई होते, आणि आनंदा रामोशी आला की मी वाचण्याचा वेग मुद्दाम कमी करते. माणसं इतकी जवळची झाली की शेवट कळल्याने त्यांची भेट टळत नाही.

घरातल्या सगळ्यांनी मिळून असाच पुन्हा पुन्हा पाहायचा सिनेमा कोणता, असं कुणी विचारलं की मी परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' सांगते. पंढरपूर, कर्जाने गांजलेली आई, गेलेल्या वडिलांनी बनवलेली सायकल, आणि ती विकावी लागू नये म्हणून एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडणारी मुलं. त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आमच्याकडे तो आजी-आजोबांनाच जास्त आवडला. मुलांची व्यवहारी बुद्धी आणि आईचा ताठ कणा एकाच वेळी दाखवणारा दुसरा मराठी सिनेमा माझ्या पाहण्यात नाही.

या सुट्टीत तो मुलांना जरूर दाखवा. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला, तर "पाहिलाय की एकदा" असं म्हणू नका. शेजारी जाऊन बसा.