रावेरखेडीचा मुक्काम

प्रत्येक घराण्यात एक तरी घोडेस्वार असतोच. इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत तर तो घरोघर आढळतो. आमच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे आमचा मूळ पुरुष थोरल्या बाजीरावांच्या फौजेत स्वार होता, आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीच्या मुक्कामी पेशव्यांचे देहावसान झाले तेव्हा तो तेथे हजर होता. ही कथा ऐकतच आम्ही दोघे चुलत भाऊ लहानाचे मोठे झालो.

यंदा शाळेचे शिबिर रावेरखेडीस जाणार असे कळले, तेव्हा आमच्या आनंदाला पारावार उरला नाही. आजोबांनी पेटीतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेला मोडी कागद काढला. तो वाचणारे घरात आता कोणी नाही. "तुमच्या गुरुजींना मोडी येते ना? तेथेच वाचवून घ्या," ते म्हणाले. कागद मात्र त्यांनी हातचा सोडला नाही. आम्ही त्याचे छायाचित्र नेले.

बसने भेरूघाट उतरून मोरटक्क्याशी नर्मदा ओलांडली, तोवर आमच्या पूर्वजाची कीर्ती साऱ्या वर्गाला पाठ झाली होती. मुक्कामी पोहोचल्यावर तंबूच्या मेखा ठोकण्याचे काम आमच्या वाट्यास आले. स्वाराच्या वंशजांना असली कामे कोठून आवडणार? आम्ही ती कशाबशा जमिनीत खुपसल्या आणि नदीवर पळालो.

रात्री कंदिलाभोवती सर्व जमले. गुरुजींनी छायाचित्र बराच वेळ न्याहाळले आणि ते हळूच म्हणाले, "बाळांनो, यात घोडा कोठेच नाही. हा होळकरांच्या फरासखान्याचा हिशेब आहे. तुमच्या पूर्वजाच्या नावापुढे 'फरास' लिहिले आहे. खाली कनाती, तणावे आणि मेखा मोजल्या आहेत." फरास म्हणजे डेरे-राहुट्या उभारणारा, बिछायत अंथरणारा नोकर. सालाचा भाग वाळवीने खाल्लेला, आणि बाजीरावांचे नाव तर कोठेच नव्हते. जो हशा पिकला, त्याचे वर्णन न करणेच बरे!

मध्यरात्री वारा सुटला. साऱ्या तंबूंत एकच तंबू आडवा झाला. तो कोणाचा, हे सांगावयास नको. थंडीत कुडकुडत आम्ही दोर चाचपू लागलो. गुरुजी कंदील घेऊन आले. मेखेचे डोके तंबूपासून बाहेर झुकलेले असावे, म्हणजे ओढ बसली तरी ती उपटत नाही, हे त्यांनी करून दाखविले. तासाभराच्या खटपटीनंतर तंबू उभा राहिला. तळहातांना फोड आले होते. पण आत पडलेल्या चार सोबत्यांना लगेच झोप लागली, ते पाहून का कोण जाणे, बरे वाटले.

सकाळी आम्ही समाधीचे दर्शन घेतले. दगडी तटाच्या आत ती शांत उभी आहे. विसाव्या वर्षी पेशवेपद मिळालेल्या त्या पुरुषाने चाळिशीही पाहिली नाही. गुरुजी सांगत होते, "बाजीरावांची स्वारी सडी असे. १७२८ साली पालखेडला निजामास त्यांनी याच वेगाने कोंडीत पकडले. अशा दौडीत डेरे-राहुट्यांचे लटांबर मागेच राही." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पण येथे ते आजारी होते. निमाडातला एप्रिलचा उन्हाळा! त्यांच्या डोक्यावर सावली कोणीतरी उभारलीच असेल." तो आमचाच पूर्वज होता, असे कागद म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. भोवतालच्या शेतांत त्या छावणीची एकही खूण आम्हांस दिसली नाही. समाधी उरते, मेखांची भोके पहिल्याच पावसात बुजतात.

परतताना एकच चिंता होती: आजोबांना सांगावे कसे? खोटे बोलावे, असे क्षणभर मनात आलेही. अखेर खरे तेच सांगितले. आजोबांनी कागद घडी करून पेटीत ठेवला आणि दोन दिवस ते त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी अचानक विचारले, "मेख तिरपी ठोकतात म्हणालात ना?"

"हो, आजोबा."

"मग ठीक आहे. स्वार रात्री निजत होते ते कोणाच्या भरवशावर?"

हल्ली पाहुणे आले की आजोबा मूळ पुरुषाची कथा पूर्वीच्याच उत्साहाने सांगतात. त्यातला घोडा तेवढा गेला आहे, आणि बाजीरावांचे नाव आले की ते "असेलही, नसेलही" असे म्हणून आमच्याकडे पाहतात.