आईला आधी सांगा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: तिला फार काही सांगायचं नाही. मामा म्हणाला, "ताईला उगाच टेन्शन नको." बाबा म्हणाले, "डॉक्टर बघतील काय ते." भावाचं म्हणणं, ॲडमिट झाल्यावर कळेलच. मला हे अजिबात पटेना. जिनं ओट्यापाशी उभं राहून, पोळी-भाजी केंद्र चालवून आम्हाला शिकवलं, तिच्याच पायाचं काय होणार हे तिलाच ठाऊक नको? आपल्या घरांत ही रीतच पडून गेली आहे. रिपोर्ट मुलाच्या हातात, डॉक्टर बोलतात सुनेशी, आणि ज्याचं ऑपरेशन तो माणूस खुर्चीत बसून सगळ्यांची तोंडं बघतो.

मी ठरवलं की जे मला कळेल ते तिलाही कळेल. ऑपरेशन कल्याणच्या एका रुग्णालयात होणार होतं. आम्ही पालेगावला राहतो, अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला उभ्या राहिलेल्या टॉवरांपैकी एकात. जेवणं झाली की आई आणि मी गॅलरीत वही घेऊन बसायचो. वही तिची, अक्षरही तिचं. पहिला प्रश्न तिनं लिहिला तो आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नसता: "देवळाच्या पायऱ्या उतरता येतील का?"

अंबरनाथचं शिवमंदिर ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं दुखणं लगेच कळेल. वालधुनीच्या काठावरचं हे देऊळ शके 982 मधलं, म्हणजे 1060 सालचं. त्याचा गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. गेल्या काही वर्षांत आई वरूनच हात जोडून परत यायची. चालणं, जिना, बाजार याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही, पण पिंडीला हात लागत नाही हे तिला सलत होतं. सर्जनना तिनं हा प्रश्न स्वतः विचारला. त्यांनी पेन बाजूला ठेवून नीट उत्तर दिलं: कठडा धरून उतरता येईल, पण मांडी घालून जमिनीवर बसायचं नाही आणि उकिडवं तर नाहीच. आईनं तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना भेटायचं असतं. ही भेट लोक उरकून टाकतात आणि तिथेच मोठी चूक होते. सर्जन गुडघा बघतात, भूलतज्ज्ञ अख्खा माणूस बघतात: रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी, छातीचा एक्स-रे, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, दात किडलेत का. किडलेल्या दाताचा गुडघ्याशी काय संबंध, असं बाबांनी विचारलं. संबंध आहे. शरीरात कुठेही जंतू दबा धरून बसले असतील तर ते रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात, आणि तिथला संसर्ग हटता हटत नाही. आईची एक दाढ त्यासाठी आधी काढावी लागली.

भूलतज्ज्ञांनी सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली होती. यादी नको, पिशवीच. त्या पिशवीतून गुडघ्यासाठी घेतलेलं एक चूर्ण निघालं. पुडीवर ना नाव, ना कंपनी. अशा बिननावाच्या चूर्णांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि ते अचानक थांबवलं तर भुलीच्या वेळी रक्तदाब कोसळू शकतो, असं त्यांनी आईला शांतपणे समजावलं. मला नाही, आईला. म्हणून तिनंही खरं सांगितलं की ती ते किती महिने घेतेय. मुलीसमोर दटावून विचारलं असतं तर ती "कधीमधी" म्हणाली असती.

उपाशी राहण्याचंही तसंच. आई म्हणाली, "एकादश्या जन्मभर केल्यात, उपास मला नवा नाही." पण तिच्या एकादशीला चहा चालतो. भुलीच्या हिशेबात दुधाचा चहा म्हणजे खाणं. साधारणपणे हलकं खाणं सहा तास आधी बंद आणि नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत, हा नियम कशासाठी, तर भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. कारण कळल्यावर तिनं स्वतःच चहाचं भांडं फडताळात ठेवलं. माझ्या ओळखीत एका काकांचं ऑपरेशन सकाळच्या अर्ध्या कप चहापायी पुढे ढकललं गेलं होतं.

सगळ्यात नाजूक गोष्ट मंगळसूत्राची होती. ऑपरेशन थिएटरमध्ये अंगावर धातू ठेवत नाहीत. रक्तस्राव थांबवायला जी विजेवर चालणारी उपकरणं वापरतात त्यांच्यामुळे दागिन्याखालची कातडी भाजू शकते. हे बायकांना कळतं ते थेट थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर, घाईत. सिस्टर म्हणते "काढा", बाई रडकुंडीला येते, नवरा बाहेर उभा. मी आईला आठवडाभर आधी सांगितलं. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिनं जोडव्यांपासून सुरुवात केली, कारण ती बोटांत रुतली होती. साबणाच्या पाण्यात पाय बुडवून बसली आणि हळूहळू फिरवत काढली. हिरव्या बांगड्या कासाराकडे जाऊन उतरवल्या. निघायच्या दिवशी देवापुढे बसून मंगळसूत्र काढलं आणि बाबांच्या शर्टाच्या खिशात घातलं. "अहो, हे तुमच्याजवळ. बँकेत-बिंकेत ठेवू नका." बाबांनी खिशाला सेफ्टी पिन लावली. तिनं ते स्वतः काढलं, तिच्या वेळेला, तिच्या देवापुढे. मला वाटतं त्या ऑपरेशनमधली निम्मी धास्ती तिथेच उतरली.

बॅग भरायचं फार अवडंबर करायचं कारण नाही. पुढून बटणांचे गाऊन, मागे पट्टा असलेली न घसरणारी चप्पल, चष्मा, कवळीची डबी, लांब वायरचा चार्जर, सोबतच्या माणसाला चादर आणि स्वेटर. वॉर्डातला एसी सोबतच्याला जास्त लागतो. आणि एक साधं हातातलं घड्याळ. ते कशाला, हे पुढे येईल.

कागदांचं मात्र बारकाईनं बघावं. आधार, पॅन, विम्याचं कार्ड, जुने रिपोर्ट आणि पॉलिसीची ती पानं, जी घेताना कुणी वाचत नाही. खोलीच्या भाड्याची मर्यादा किती आहे? त्यापेक्षा महाग खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत, डॉक्टरांची फी आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. एक दर्जा खालची खोली घ्यायचं आम्ही त्यामुळेच ठरवलं. हातमोजे, मास्क असल्या वस्तूंचे पैसे बहुतेक वेळा आपल्या खिशातून जातात, तेवढे वेगळे काढून ठेवावेत. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारायलाच हवं. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं सुरू झाली, नाव 2017 मध्ये बदललं, आणि आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपला उपचार यादीत आहे का आणि कुठे होतो, हे त्याला ॲडमिट होण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

गुडघ्याच्या इम्प्लांटचंही सांगते. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं त्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे मनाला येईल तो आकडा कुणी सांगू शकत नाही. मी एमआयडीसीतल्या औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते, बॅच क्रमांक बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आईच्या फायलीत इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर लावून घेतलं, कंपनी आणि बॅचसकट. उद्या काही शंका आली तर आपल्या हाडात काय बसवलंय ते सांगता आलं पाहिजे.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तो दिवस डॉक्टरांचा असतो. आईनं एकच विनंती केली: कवळी अगदी शेवटी काढायची. बाबांसमोरही ती कधी बोळक्या तोंडानं आलेली नाही. सिस्टरनं ऐकलं, भूल द्यायच्या जरा आधी काढून डबीत ठेवली. तिला कंबरेखाली भूल दिली होती. आत गाणी लावली होती म्हणे.

पहिली रात्र फसवी असते. मांडीत बधिरतेचं इंजेक्शन दिलेलं असतं, माणूस हसतखेळत असतो, नातेवाईक फोनवर "काहीच त्रास नाही" असं सांगून मोकळे होतात. ते उतरलं की दुसऱ्या दिवशी खरी कळ सुरू होते. आईला हे माहीत होतं म्हणून ती घाबरली नाही, पण दुसरी अडचण आली. सिस्टर विचारायच्या, "आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" आई म्हणायची, "सहन होतंय." आपल्या बायकांचं हे ठरलेलं उत्तर. फिजिओथेरपिस्ट मुलीनं तिला सांगितलं, "आजी, सहन करायचं बक्षीस इथे मिळत नाही. दुखणं अंगावर काढलंत तर पाय वाकवणार नाही, आणि आता वाकवला नाही तर गुडघा आखडेल." तेव्हापासून आई आकडा सांगायला लागली. कळ वाढायच्या आत औषध मिळालं की वॉकर धरून चार पावलं जास्त पडायची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे तिनं पहिल्याच दिवशी पाठ केलं.

घड्याळ कामाला आलं दुसऱ्या रात्री. पहाटे तीनच्या सुमाराला आई उठून बसली आणि सलाईनची नळी ओढायला लागली. "गिऱ्हाईक दारात उभंय, पीठ भिजलेलं नाही, गॅस लाव." डोळे उघडे, पण मी तिला दिसत नव्हते. भूलतज्ज्ञांनी आम्हाला दोघींना सांगून ठेवलं होतं की वय झालेल्या माणसांना ऑपरेशननंतर असा भ्रम होऊ शकतो. झोपमोड, वेदनेची औषधं, परकी जागा, शरीरातलं सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, जंतुसंसर्ग, कारणं बरीच असतात. हा वेडेपणा नव्हे, आणि बहुतेकदा काही दिवसांत तो जातो. पण अंगावर ओरडायचं नाही, वाद घालायचा नाही आणि सिस्टरला लगेच बोलवायचं. मी दिवा लावला, चष्मा चढवला, घड्याळ तिच्या हातात दिलं. "आई, तीन वाजलेत, रात्रीचे. आपण कल्याणला दवाखान्यात आहोत. तुझा गुडघा झालाय." सिस्टर आल्या, साखर बघितली, लघवीची नळी तपासली, डॉक्टरांना फोन केला, सकाळी सोडियम पाठवलं. ते थोडं कमी आलं, त्यावर उपचार झाले. आई घड्याळ धरूनच झोपली. सकाळी तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "हे होईल म्हणाले होते ना डॉक्टर?" घाबरली नाही, शरमली नाही. हे आधी कानावर नसतं तर आम्ही सगळेच हादरलो असतो.

सोबतीला पास एकाच माणसाचा. मी आणि भाऊ वाटून घ्यायचो. तो अंबरनाथहून लोकलनं यायचा, त्याच्या परतीच्या गाडीनं मी जायचे. सोबतच्यानं घरी जाऊन झोपणं ही चैन नाही. दोन रात्री जागलेल्या माणसाला डॉक्टरांनी काय सांगितलं ते आठवत नाही. ड्यूटी बदलायच्या वेळी, सकाळी आणि रात्री आठच्या सुमाराला, सिस्टर एकमेकींना पेशंट सोपवत असतात. तेव्हा पाणी आणा, उशी द्या म्हणून हाका मारू नयेत. पण आपल्या पलंगापाशी त्या आल्या की कान देऊन ऐकावं, कुठलं औषध बदललं ते तिथेच कळतं.

सोडायच्या दिवशी डॉक्टर सकाळी म्हणतात, "आज घरी." प्रत्यक्षात संध्याकाळ होते. समरी टाइप होते, उरलेली औषधं परत जातात, बिल बनतं, मग विमा कंपनीची मंजुरी. विमा नियामकानं 2024 मध्ये या शेवटच्या मंजुरीला तीन तासांची मुदत घालून दिली आहे, ते आठवण करून द्यायला हरकत नाही. समरी हातात आल्यावर तिथेच वाचावी: कुठल्या गोळ्या नव्या, कुठल्या बंद, टाके कधी काढायचे, पोटरी सुजली, दम लागला किंवा ताप आला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. आमच्या समरीत रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे दिवस लिहायचे राहिले होते. आईनंच वहीत बघून विचारलं.

घर आधी तयार ठेवलं होतं. कमोडला उंच सीट, बाथरूममध्ये धरायला दांडा, पायाशी येतील अशी सगळी पायपुसणी आणि सतरंज्या उचललेल्या. सोसायटीच्या ऑफिसात मी आधीच विचारून आले होते की वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी हे विचारावंच.

आता दुसऱ्या गुडघ्याची तारीख ठरतेय. मामाचा फोन आला की आई स्पीकर चालू करते आणि त्यालाच सूचना देते. भूलतज्ज्ञांची वेळ तिनं स्वतः फोन करून घेतली. त्यांना काय विचारायचं तेही वहीत लिहून झालंय: मागच्या वेळी रात्री बडबडले होते, या वेळी सोडियम आधीपासून रोज बघणार का?