मोत्याच्या दाढा

आमच्या बेंबळीस बैल घेतांना आधीं त्याचा जबडा उघडतात. खालच्या आठ दांतांवरून वय ठरतें. 'दोन दाती', 'जुळलेला' हे शब्द घरांतल्या पोरांसहि ठाऊक. पण दारच्या मोत्याच्या तोंडांत नऊ वर्षें आम्ही कधीं डोकावलोंच नाहीं! गेल्या पौषांत तो भाकरी टाकून उठूं लागला, तेव्हां म्हातारपणचे चोचले म्हणून आम्ही त्याच्यावर रागावलों. पशुवैद्यांनीं ओठ वर उचलला मात्र, तों दाढांवर पिवळें कीटण, हिरड्या सुजलेल्या! दोन दाढा काढाव्या लागल्या. बिचारा कधीं कण्हलाहि नव्हता. आतां रोज रात्रीं मऊ ब्रशानें घांसणें चालतें. पेस्ट कुत्र्यांसाठींची निराळी, कारण तो चूळ न भरतां सारी गिळतो, आणि आपल्या कांहीं पेस्टींतलें झायलिटॉल त्यास विष आहे. ब्रश दिसतांच स्वारी बाजेखालीं. वहिनींनीं हांक मारल्याखेरीज बाहेर येत नाहीं.