डावा हात आणि वेणी
पेसमेकर बसवून इंदूरच्या घरी आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, ६ आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नव्या तारा हृदयात घट्ट बसायला वेळ लागतो. मी इतकी घाबरले की हात पोटाशीच धरून बसले. पुढून बटणांचा गाऊन तेवढा सोयीचा पडला.

केसांचं काय? ४० वर्षांत कधी फणी हातात न घेतलेले 'हे' रोज माझी वेणी घालू लागले. वेडीवाकडी, पण घट्ट!

टाके दाखवायला गेले तर खांदा आखडलेला. डॉक्टर हसले, "माताजी, हाथ ऊपर मत करो कहा था. हिलाओ मत, ये नहीं कहा था."

तेव्हापासून खांद्याच्या खाली हात चालू ठेवला. पोहे परतले, कपड्यांच्या घड्या घातल्या. मोबाइल उजव्या कानाला. आठवड्याभरात खांदा मोकळा झाला, रात्री झोपही लागू लागली. तुमच्याकडे कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना दोन्ही विचारा: काय करायचं नाही आणि काय करायचं.

दीड महिन्याने परवानगी मिळाली. आरशासमोर बसले, तर हे फणी घेऊन मागे उभेच. म्हटलं, "घाला आजच्या दिवस."