डी.एड.वाला ग्रंथपाल

डी.एड. झालो २०११ ला. त्याच ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली आणि पुढच्या वर्षी शिक्षक भरतीच थांबली. आमच्यासारखे कितीतरी जण घरी बसले. गावच्या 'ड' वर्ग वाचनालयात तेव्हा माणूस हवा होता. म्हटलं, भरती निघेपर्यंत बसू.

२०१७ ला अभियोग्यता चाचणी निघाली, तोवर मी इथे रुजलो होतो. सकाळी पेपरला म्हातारी मंडळी, दुपारी दिवाळी अंक नेणाऱ्या बाया, संध्याकाळी पोलीस भरतीची पोरं. एका आजीला दिसत नाही म्हणून रोज दोन पानं वाचून दाखवायला लागलो, बघता बघता ऐकणारे आठ-दहा झाले. मला वर्ग मिळाला तो असा! (पगार सांगितला तर हसाल.)

पण मित्रांनो, १९६७ चा ग्रंथालय कायदा असूनही आम्हाला वेतनश्रेणी नाही. अनुदान येईल तेव्हा त्यातूनच पुस्तकं, पेपर आणि आमचं मानधन. 'आवड आहे ना तुला' म्हणत किती वर्षं राबवणार? येत्या ग्रामसभेत आपापल्या वाचनालयाचा विषय काढा. मी आमच्याकडे काढतोय.