लायक माणूस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारचा बाजार पावसाने लवकर मोडला होता, नवा अशील येण्याचे काही चिन्ह नव्हते, आणि म्हापशाची आमची कचेरी बंद करून घरची वाट धरावी अशा विचारात आम्ही असतानाच विलायतेहून फोन आला. "वकीलबाब, वळखलो मूं म्हाका?"

आवाजावरून ओळख पटली नाही. नाव सांगताच पटली. पंधरा वर्षांपूर्वी हा गृहस्थ बार्देशातल्या एका स्टँडवर टॅक्सी लावीत असे. पुढे आजोबांचा जन्मदाखला शोधून त्याने पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि इतर हजारो गोवेकरांप्रमाणे तोही इंग्लंडात गेला. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना नि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचा कायदा अजूनही आपले म्हणायला तयार आहे. त्या आधारावर स्विंडनसारख्या गावात गोवेकरांची केवढी वस्ती झाली आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. तिथे वखारीत वर्षानुवर्षे माल हलवून त्याची पाठ गेली. तेव्हा जुना धंदा आठवला, आणि भाड्याची मोटार हाकण्याच्या परवान्यासाठी त्याने तिथल्या एका नगरपरिषदेकडे अर्ज केला.

अडचण अशी की, परिषदेने गोव्याच्या पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला मागितला होता. दाखला मिळाला, पण त्यात एक ओळ आली: २०१० साली मारहाणीचा गुन्हा नोंदला होता, २०१२ साली तडजोडीने निर्दोष मुक्तता. परिषदेला त्या ओळीचा खुलासा हवा होता. "तुमचो वकील म्हूण खटलो आसलो. धंद्याच्या दुस्मानकायेन फटीची केस केल्ली, अशें तुमी बरयात. तुमच्या लेटरहेडाचेर," तो म्हणाला.

मागणी साधी होती. अशी पत्रे वकील रोज लिहितो. "उद्या बघू," असे सांगून आम्ही फोन ठेवला. मात्र पाऊस थांबेना, म्हणून त्या परिषदेचे नियम वाचायला बसलो. विनाशुल्क वाचन हा आमचा जुना रोग आहे.

त्या देशात हा कारभार फार जुन्या पायावर उभा आहे. लंडन सोडल्यास इंग्लंडातल्या टॅक्सीला आजही १८४७ चा कायदा लागू आहे. तो झाला तेव्हा गाडी ओढायला घोडा होता. भाडेकरू नि गाडीवान यांच्यामध्ये ठरलेल्या रकमेहून अधिक मागणे हा त्यात गुन्हा आहे. आणि कायदेशीर दराहून अधिक देण्याचा करार भाडेकरूने भिडेपोटी केला, तरी तो त्याच्यावर बंधनकारक नाही. आमच्या रेल्वे स्टेशनांबाहेर उभे राहून ही कलमे कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावीत, असा एक खोडकर विचार मनात येऊन गेला.

पुढे १९७६ च्या कायद्याने दुसरा वर्ग निर्माण केला. स्टँडवर उभी राहणारी, रस्त्यात हात दाखवताच थांबणारी ती टॅक्सी. अगोदर नोंदणी केल्यावाचून जिला भाडे घेता येत नाही, ती खासगी भाड्याची गाडी. या दुसरीसाठी गाडीचा, चालकाचा आणि नोंदणी घेणाऱ्या धंदेवाल्याचा असे तीन परवाने लागतात, नि तिन्ही एकाच परिषदेचे असावे लागतात. कुणी, केव्हा, कुठून कुठे गाडी मागितली, याची वही धंदेवाल्याने राखायची असते.

आपल्याकडची रीत निराळी. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याखाली परवाना देतो तो राज्याचा वाहतूक विभाग. नगरपालिकेचा संबंध फार तर स्टँडच्या जागेपुरता. चालकाचीही पोलीस-चौकशी होते. परंतु आपल्या कागदांचे खरे लक्ष गाडीवर असते. रंग काळा-पिवळा आहे की नाही, मीटर आहे की नाही, गाडी तपासणीस उतरली की नाही. तिथल्या कागदांचे लक्ष मात्र माणसावर आहे. अर्जदार 'योग्य नि लायक' आहे, अशी खात्री पटल्याखेरीज परिषदेने परवाना देऊच नये, असे कायदा सांगतो. खात्री पटवण्याचा भार अर्जदारावर. संशयाचा फायदा त्याला नाही.

संशयाचा फायदा हे तर आमचे अन्न! ज्या दारात तोच मिळत नाही, तिथे आमचा व्यवसाय उपाशी मरायचा. पुढे वाचले तो आणखी कठीण. २०२० साली तिथल्या सरकारने परिषदांसाठी जी प्रमाणे ठरवून दिली, त्यांत अर्ज तपासणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा असे म्हटले आहे. त्याचा आशय असा: आपल्या जिव्हाळ्याचे माणूस, ते कोणत्याही अवस्थेत असो, दिवसा वा रात्री कोणत्याही वेळी, याच्या गाडीतून एकटे पाठवशील काय? हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती भोगून संपल्यावर निदान दहा वर्षे लोटली पाहिजेत. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास दार कायमचे बंद.

हे नियम हौसेने झालेले नाहीत. रॉदरहॅम या गावात १९९७ ते २०१३ या काळात अंदाजे १४०० मुलांचे शोषण झाले, असा निष्कर्ष २०१४ च्या चौकशी अहवालाने काढला. मुलींना इकडून तिकडे नेण्यात काही टॅक्सीचालकांचा हात असल्याचे त्यात पुढे आले. परवाना देणारे हात सैल सुटले म्हणजे काय होते, हे तो देश फार महाग किंमत देऊन शिकला. त्यापूर्वीच, २००२ साली, लीड्सच्या परिषदेच्या एका प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की, परवाना गेल्याने चालकाच्या घरची चूल विझेल, हा विचार या प्रश्नात सहसा येत नाही. प्रश्न उतारूच्या सुरक्षिततेचा आहे. आणि १९९८ च्या दुसऱ्या एका निवाड्याप्रमाणे, फौजदारी कोर्टातून सुटलेल्या माणसाबद्दलही परिषद पुन्हा विचार करू शकते. 'निर्दोष' म्हणजे 'लायक' नव्हे.

हे वाक्य वाचून आम्ही पुस्तक मिटले. कारण आता २०१२ सालची ती दुपार टाळता येण्यासारखी नव्हती.

पुढचे लिहिण्यापूर्वी सांगून ठेवले पाहिजे: अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून बाहेर काढता येत नाही, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ते बंधन घातले होते, २०२३ च्या नव्या कायद्यानेही ते राखले आहे. येथे लिहिले आहे ते अशिलाने संमती दिल्यावर, आणि ज्याला मार बसला त्यानेही मान डोलावल्यावर.

मार बसलेला माणूस पायलट होता. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर उतारू बसवून नेणारा पिवळ्या-काळ्या रंगाचा हा परवानाधारक गोव्याबाहेरच्या वाचकाला नवलाचा वाटतो. आम्हांला तो बसइतकाच परिचित. त्या दिवशी टॅक्सीकडे वळलेले एक गिऱ्हाईक स्वस्त पडते म्हणून पायलटच्या मागे बसले. बोलाचाली झाली, नंतर हात उठला. पायलट त्या वेळी पन्नाशीचा, आमचा अशील पंचविशीचा. म्हातारा पदपथाच्या काठावर पडला नि कपाळाला चार टाके पडले.

अशिलाने कचेरीत आम्हांला सर्व खरे सांगितले होते. "राग आयलो आनी मारलो," एवढेच त्याचे वाक्य. तरीही खटल्यात उलटतपासणीला उभे राहून आम्ही त्या पायलटला विचारले की, तुम्ही दारू प्याला होता आणि तोल जाऊन पडलात, हे खरे ना? तो दारू पीत नसे. कोर्टात त्याचा मुलगा बसला होता. म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि "नाही" असे इतक्या हळू म्हणाला की न्यायाधीशांना पुन्हा विचारावे लागले. पुढच्या तारखेस तो तडजोडीला तयार झाला. दवाखान्याचा खर्च नि वर थोडे, एवढ्यावर प्रकरण मिटले. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याचाच असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३२० वे कलम तसे स्पष्ट म्हणत होते. सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. त्या दिवशी चहा आम्ही पाजला.

आता तेच खोटे दुसऱ्यांदा लिहायचे होते, या वेळी लेटरहेडवर.

दुसऱ्या दिवशी आम्ही अशिलाला फोन केला नाही. स्टँडवर गेलो. मुलाकडून कळले की म्हाताऱ्याने मोटारसायकल केव्हाच सोडली, घरी असतो. मुलगा आता स्वतः पायलट आहे. त्याच्याच मागे बसून, पावसात, छत्री निरुपयोगी ठरवीत आम्ही त्याच्या घरी पोचलो. उतरताना त्याने भाडे घेतले नाही. तो नकार आम्हांला फार जड गेला.

म्हाताऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला. आम्ही येण्याचे कारण सांगितले. त्याने कपाळावरचा वण उगीचच चाचपला. "ताणें म्हाका मारलो, तें जालें," तो म्हणाला. "तरणो आसलो, रगत हून. तें हांव विसरलों." मग थोडा थांबून, "तुमी म्हाका सोरो पिवपी म्हणलें, म्हज्या पुता मुखार. तें मात विसरूंक ना."

यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. क्षमा मागितली, ती तेवढ्यापुरती नव्हे, हे त्याला कळले असावे. त्याने विषय बदलला. "आनी तो? बरो आसा मूं थंय? भुरगीं कितलीं?"

संध्याकाळी अशिलाला कळवले: असे पत्र आम्ही देणार नाही. सत्य लिहायला तुझी संमती हवी. आणि लिहायचेच असेल तर आम्ही कशाला, तूच लिही. तो चिडला. दुसऱ्या एखाद्या सैल परिषदेकडून परवाना काढतो, म्हणाला. त्या देशात एका गावचा परवाना घेऊन दुसऱ्या गावी धंदा करणारे पुष्कळ आहेत, हे खरे. पण दुसरीकडेही प्रश्न तोच विचारतील, नि एका परिषदेने परवाना नाकारला वा काढून घेतला तर त्याची नोंद इतरांना दिसावी, अशी तजवीज २०२२ च्या कायद्याने केली आहे. तेही असो. आम्ही त्याला एवढेच म्हटले: "तुझ्या मुलीला रात्री कामावरून आणायला जो परका माणूस येईल, त्याच्या अर्जाबरोबर आमच्यासारख्याचे पत्र जोडलेले असले तर चालेल तुला?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. नंतर त्याने म्हाताऱ्याचा नंबर मागितला.

त्या दोघांचे काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. खुलासा त्याने आपल्या हाताने, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, दीड पानभर लिहिला. आम्ही फक्त कोर्टाच्या निकालाची प्रमाणित नक्कल पाठवली. समितीपुढे त्याला बोलावणे आले. मारलेत का? होय. का मारलेत? राग आला. त्यानंतर कुणाला मारलेत? नाही. वखारीतल्या मुकादमाने त्याच्याविषयी चार शब्द लिहून दिले होते, तेही वाचले गेले. नकार आला असता तर मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात अपील करायला २१ दिवसांची मुदत होती. ते अपील कसे लिहावे, याचा आराखडा आम्ही खणात तयार ठेवला होता. तो तसाच राहिला. परवाना मिळाला.

तो परवाना कायमचा नाही. चालकाचा परवाना सामान्यतः तीन वर्षांचा असतो. पोलिसांच्या नोंदी दर सहा महिन्यांनी तपासाव्यात, असे २०२० ची प्रमाणे सांगतात. आणि दर वेळी कुणीतरी अधिकारी, ज्याने त्याला कधी पाहिलेले नाही, स्वतःला तोच प्रश्न विचारणार: जिव्हाळ्याचे माणूस याच्या गाडीतून एकटे पाठवशील काय?

आमची सनद आमच्या कचेरीच्या भिंतीवर लटकते आहे. १९६१ च्या कायद्याखाली ती एकदा मिळाली की मिळाली. माणसे आपली अब्रू, जमीन, कधी कधी आयुष्यही घेऊन आमच्या मागच्या सीटवर बसतात. पण दर तीन वर्षांनी कुणी आम्हांला बोलावून, त्या पायलटला तुम्ही काय विचारलेत नि का, असे विचारीत नाही.

अलीकडे शुक्रवारी, बाजार उठल्यावर, आम्ही स्टँडवरून पायलट करून घरी जातो. तो मुलगा असला तर त्याच्याच मागे बसतो. आता तो भाडे घेतो. दर ठरलेला आहे, त्याहून एक रुपयाही अधिक मागत नाही.